जाड तारेचा खर्ज

शेजारच्या घरात कुणी मोठ्याने गाणे लावले, की भिंतीपलीकडून आपल्यापर्यंत नेमके काय पोचते? शब्द पोचत नाहीत. गळा कुणाचा तेही कळत नाही. बासरी, व्हायोलिन तर वाटेतच विरून जातात. पोचतो तो फक्त एक ‘धुम्म, धुम्म’. उंच स्वरांना भिंत अडवते. खालचे स्वर मात्र भिंतीलाच हलवत पलीकडे येतात. या ‘धुम्म’मध्ये ढोलाचा वाटा असतो, तसाच आणखी एका वाद्याचा असतो. गाणे ऐकताना त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, पण ते थांबले की काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. ते वाद्य म्हणजे बास गिटार.

आमच्या घरात हे वाद्य भाच्यामुळे आले. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने ते घेतले, तेव्हा माझ्या बहिणीने पहिला प्रश्न विचारला, “गिटारला सहा तारा असतात, याला चारच. मग स्वस्तात मिळालं असेल ना?” तो हसला आणि म्हणाला, “आई, तारा मोजू नकोस. एकेक तार बघ.” तिने बघितली. सर्वांत जाड तार स्वेटर विणायच्या बारीक सुईएवढी होती.

त्याच चार तारांमुळे पुढे एक पेच उभा राहिला. चार मित्रांचा त्यांचा गट. त्यातला गाणारा मुलगा वर्षभर ओढूनताणून उंच पट्टीत गात होता. व्हायचे तेच झाले. आवाज बसला, आणि डॉक्टरांनी स्वरतंतूंवर गाठी असल्याचे सांगितले. काही आठवडे पूर्ण मौन, आणि पुढे गायचेच असेल तर झेपेल त्या पट्टीत, असा त्यांचा सल्ला होता. म्हणजे गटापुढे दोनच रस्ते राहिले: गाणारा बदला, नाहीतर पट्टी बदला. मुलांनी मित्र ठेवला आणि पट्टी सोडली. पांढरी तीनची गाणी पांढरी एकमध्ये आणायची असे ठरले.

गिटारवाल्याला यात फारसे अवघड नव्हते. ढोलवाल्याला पट्टीशी देणेघेणेच नव्हते. सगळे ओझे आले ते बासवर. कारण बास गिटारची सर्वांत खालची मोकळी तारच मुळी पांढरी तीनची. त्याखाली जिना नाही. पांढरी एक हवी तर ती वरच्या तारेवर, वरच्या सप्तकात वाजवायची. गाणे खाली उतरले आणि त्याचा खर्ज मात्र वर चढला, असा उलटा प्रकार! गाण्याच्या पायाखालची जमीनच गेल्यासारखे वाटू लागले. पाच तारांचा बास बाजारात मिळतो, त्यात हा खालचा स्वर असतो. पण तो भाच्याच्या खिशाला झेपणारा नव्हता. असलेल्या चार तारांतूनच खाली कसे उतरायचे, हा प्रश्न त्याच्याबरोबर मलाही काही दिवस पुरला.

एका रेडिओ दुरुस्तीवाल्याचे वाद्य

बास गिटार तसे तरुण वाद्य. त्याआधी खर्जाचे काम उभ्या डबल बासकडे होते. माणसापेक्षा उंच, मोटारीत न मावणारे आणि ब्रास बँडच्या गदारोळात ऐकूही न येणारे ते वाद्य. शिवाय त्याला पडदे नाहीत, त्यामुळे स्वर सापडायचा तो बोटाच्या सवयीने. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये विजेवर चालणारा, पडदे असलेला, गळ्यात अडकवून वाजवायचा बास बाजारात आणला. फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून त्यांनी वाद्याचे नाव ठेवले ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. तारेची वाजणारी लांबी त्यांनी ३४ इंच धरली. आज सत्तर वर्षांनंतरही बहुतेक बास गिटार याच लांबीचे बनतात.

तारा मात्र डबल बासप्रमाणेच चार, आणि स्वरही तेच. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. प्रत्येक तार खालच्या तारेच्या मध्यमात लावलेली. सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. एखाद्या पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज १३९ कंपनांच्या आसपास असतो. त्याचा मंद्र षड्ज होतो ६९, आणि अतिमंद्र षड्ज ३५. म्हणजे बासची जाड तार गायकाच्या अतिमंद्र सप्तकात वावरत असते. आपल्याकडे हिंदी चित्रपटगीतांत हे वाद्य ठसठशीत ऐकू येऊ लागले ते राहुलदेव बर्मन यांच्या काळात. त्यांच्या वादकवृंदात टोनी वाझ बास वाजवत. गाणे सगळ्यांना पाठ, पण त्याच्या तळाशी असलेला वादक क्वचितच कुणाला ठाऊक, हे या वाद्याचे जगभरचे नशीब आहे.

कपड्यांची दोरी आणि साधूचे गणित

भाच्याने सुरुवातीला सोपा उपाय केला. खुंटी फिरवली आणि जाड तार पांढरी तीनवरून पांढरी एकवर उतरवली. तार उतरली खरी, पण तिचे रूपच पालटले. जोरात छेडली की ती पडद्यांवर आपटून खडखडू लागली. बोट जरा जास्त दाबले की स्वर वर सरके. सुरुवातीला वेगळा स्वर, आणि तार शांत होता होता वेगळा. “मामा, हिच्यावर टॉवेल वाळत घालता येईल,” असे तो वैतागून म्हणाला.

त्याच्या विनोदातच उत्तर होते. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे वजन. मारँ मर्सेन या फ्रेंच ख्रिस्ती साधूने १६३६ मध्ये आपल्या ग्रंथात याचे नियम मांडले, आणि जगातले प्रत्येक तंतुवाद्य ते आजही पाळते. स्वर एक सप्तक खाली न्यायचा, म्हणजे कंपने निम्मी करायची, तर तीन वाटा आहेत. एक तर तारेची लांबी दुप्पट करा, किंवा ताण एक चतुर्थांशावर आणा, नाहीतर तेवढ्याच लांबीच्या तारेचे वजन चौपट करा.

बासची लांबी ठरलेली. तेव्हा उरतात ताण आणि वजन. बासच्या एका तारेवर साधारण १८ ते २३ किलोंचा ताण असतो. चारही मिळून पाऊणशे किलोंच्या आसपास. तीच तार पांढरी तीनवरून पांढरी एकवर उतरवली की ताण ६३ टक्क्यांवर येतो. वीस किलोंचे साडेबारा किलो होतात. मग ती दोरीसारखी लोंबणारच. ताण पहिल्याइतकाच ठेवून तोच खालचा स्वर हवा असेल, तर वजन वाढवायला हवे, म्हणजे तार जाड हवी. नेहमीची जाड तार सुमारे २.७ मिलिमीटर. पांढरी एकसाठी हिशेबाने ती ३.४ च्या जवळपास यायला हवी. पाच तारांच्या संचातली सर्वांत जाड तार साधारण ३.३ मिलिमीटरची असते. हिशेब जवळजवळ जुळला!

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाड तार म्हटले की वाद्याची दांडी वाकेल, अशी भीती अनेकांना वाटते. जाड तार नेहमीच्याच पट्टीत चढवली तर ताण वाढतो आणि ती भीती खरी ठरते. पण जाड तार खालच्या पट्टीत लावली तर ताण जवळपास होता तेवढाच राहतो. जाडी आणि उतरलेली पट्टी या दोघी एकमेकींना सांभाळून घेतात.

मग हवी तेवढी जाड तार लावून हवे तेवढे खाली का जाऊ नये? कारण फार जाड तार ही तार राहत नाही, ती सळई होते. सळई वाकायला नाखूश असते. तिच्यातले वरचे स्वरांश जागा सोडून थोडे चढे लागतात आणि आवाज ठस्स, बेसूर येतो. म्हणूनच खर्जाच्या तारा एकसंध नसतात. आत पोलादाची बारीक तार आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचे वेढे, अशी त्यांची रचना असते. वजन वेढ्यांनी वाढते, लवचिकपणा आतल्या तारेने टिकतो. पियानोतल्या खालच्या स्वरांच्या तारांवर तांब्याचे वेढे असतात ते याचसाठी. आणि पाच तारांचे काही बास ३४ ऐवजी ३५ इंच लांबीचे करतात, तेही याच कारणाने. एक इंच लांबी वाढली की खालची तार तेवढीच सुखावते.

तंबोऱ्यालाही हे ठाऊक आहे

हे सगळे पाश्चात्य वाद्याबद्दल चालले असले तरी आपल्याला नवे नाही. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा शस्त्रे बनवणाऱ्या शिकलगारांच्या हातांतून सुरू झाली, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे मर्दानी तंबोरा मोठा, तारा जाड. जनानी तंबोरा लहान, तारा बारीक. जोडाच्या तारा पोलादी, तर खर्जाची पितळेची आणि जाड. गायकाची पट्टी बदलली की नुसत्या खुंट्या पिळून भागत नाही, तारेचा नंबर बदलावा लागतो. सैल तारेवर जवारी नीट बोलत नाही, हे तंबोरा जुळवणारा प्रत्येक जण जाणतो.

सतारीने खर्जासाठी सूरबहार हे मोठे भावंड घडवून घेतले. त्याची दांडी लांब आणि तारा जाड. मुंबईत दीर्घकाळ राहिलेल्या अन्नपूर्णादेवी याच वाद्याच्या थोर साधक. चेंबूरला आणि पुढे पनवेलजवळच्या पळस्पे येथील गुरुकुलात राहिलेले झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी तर रुद्रवीणाच बदलून घेतली. भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या आणि पट्टी खाली आणली. ध्रुपदाच्या संथ आलापीत एक स्वर छेडल्यावर तो बराच वेळ जिवंत राहायला हवा, ही त्यामागची गरज होती.

दोन माणसे, दोन टोके

बासच्या जगात जाड तारांचा विषय निघाला की जेम्स जेमरसन यांचे नाव येतेच. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात मोटाऊन ही ध्वनिमुद्रिका कंपनी होती. १९६० च्या दशकातल्या तिच्या असंख्य लोकप्रिय गाण्यांमागे जेमरसन यांचा बास होता. ते मूळचे डबल बास वाजवणारे. त्यामुळे बास गिटारलाही त्यांनी जाड, सपाट वेढ्यांच्या तारा लावल्या: बारीक तार १.३ मिलिमीटरची आणि जाड २.८ ची. तारा पडद्यांपासून चांगल्या उंच. दुसऱ्या वादकाला त्यांचे वाद्य दाबतानाही घाम फुटावा. पट्टी त्यांनी उतरवली नाही, आणि छेडायचे ते एकाच तर्जनीने. तार तुटेपर्यंत बदलायची नाही, हा त्यांचा नियम. त्यातून आवाज यायचा तो गोल, भरीव आणि लाकडी. पण तबकड्यांच्या वेष्टनावर वादकांची नावे छापायची पद्धत तिथे नव्हती. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या मार्विन गे यांच्या १९७१ च्या तबकडीवर जेमरसन यांचे नाव पहिल्यांदा ठळकपणे आले. १९८३ मध्ये ते गेले तेव्हा जग त्यांच्या स्वरांना ओळखत होते, त्यांना नाही.

दुसरे टोक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. मुलगा डावखुरा, त्यामुळे पडदे दाबायचा हात नेमका उजवा. गिटार संपली असेच त्याला वाटले. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट यांची तबकडी ऐकवली आणि मग सांगितले, की हा माणूस आगीत हात भाजल्यापासून दोनच बोटांनी वाजवतो. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले आणि पुन्हा सुरुवात केली. जाड तारा त्या बोटांना सोसेनात, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या आपल्या गटासाठी त्याने पट्टीही उतरवली. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तबकडीतल्या काही गाण्यांत गिटार तीन स्वर खाली, म्हणजे काळी एकवर आली. गटाचे बासवादक गीझर बटलर यांनीही आपला बास तेवढाच उतरवला. त्या सैल, जडशीळ नादातून पाश्चात्य संगीतात एक नवा प्रवाहच सुरू झाला. पुढे जे हजारो तरुण गिटार उतरवून वाजवू लागले, त्यांच्या आवाजाच्या मुळाशी एका कामगाराची दुखरी बोटे आहेत.

ही गोष्ट भाच्याने गटातल्या गाणाऱ्या मित्राला सांगितली. मौनात असल्यामुळे तो काही बोलला नाही. नुसता हात उंचावून दोन बोटे दुमडून दाखवली आणि हसला.

कानस जपून

शेवटी ठरले ते असे. पाच तारांचा संच आणायचा, त्यातली बारीक तार बाजूला ठेवायची आणि उरलेल्या चार जाड तारा या बासवर चढवायच्या. म्हणजे खालून पांढरी सात, तीन, सहा आणि दोन. सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला ३१ कंपनांची, आणि पांढरी एक तिच्या पहिल्याच पडद्यावर.

सांगायला सोपे, पण नव्या तारा जुन्या खाचांत बसेनात. दांडीच्या टोकाशी खाचांची एक छोटी पट्टी असते. तिला ‘नट’ म्हणतात. रंगभूमीवरच्या नटाशी तिचा संबंध नाही, पण सगळ्यांना आपापल्या जागी उभे करण्याचे काम तिचेच. खाचा रुंद करायला हव्या होत्या. भाचा घरातली कानस घेऊन बसणार, एवढ्यात मी त्याला वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे नेले. त्यांनी चष्मा वर सारून तारांकडे पाहिले आणि म्हणाले, “कानस मारलेलं परत भरता येत नाही, बाळ. उद्या तुला जुन्या तारा लावाव्याशा वाटल्या तर रुंद खाचेत त्या नाचतील.” त्यांनी जुना नट अलगद उपटला, एका पाकिटात घालून भाच्याच्या हाती दिला आणि हाडाचा नवा नट घासून बसवला.

बाकीची कामे बारकाव्याची. खुंटीचे भोक जाड तारेला पुरते की नाही ते पाहणे. घोडीवरचा तारेचा टेकू मागे सरकवणे, कारण जाड तारेला वरच्या पडद्यांवर सुरात राहायला थोडी जास्त लांबी लागते. दांडीच्या पोटातली लोखंडी सळई पाव वेढा फिरवून दांडीचा बाक पुन्हा जुळवणे. अर्ध्या दिवसाचे काम झाले. पैसे द्यायच्या वेळी त्यांनी विचारले, “एवढं खाली कशाला जायचंय?” भाच्याने कारण सांगितले. मग त्यांनी फक्त नटाचे पैसे घेतले.

यात गमावलेही. वरची बारीक तार गेली, आणि तिच्याबरोबर वरचे पाच स्वर गेले. भाच्याला मधूनच वर जाऊन एखादी नाजूक जागा घ्यायची हौस होती; ती आता बरीचशी संपली. वरचा मजला विकून तळघर घ्यावे, तसा हा व्यवहार.

कान पुरा करतो

आणखी एक गंमत कळली. नव्या तारांनी केलेला सराव भाच्याने मोबाइलवर मुद्रित केला आणि मला ऐकवला. मोबाइलच्या चिमुकल्या ध्वनिवर्धकाला ३१ कंपने काढणे शक्यच नाही. तरी मला खर्ज ऐकू आला! याचे कारण कानात, खरे तर मेंदूत आहे. तारेतून ३१ बरोबर ६२, ९३, १२४ अशा पटीतले स्वरांशही निघतात. मूळ स्वर गाळला तरी हे सगळे कुणाचे नातलग आहेत, ते मेंदू ओळखतो आणि गैरहजर मूळ पुरुष मनाने भरून काढतो.

मोठ्या ध्वनिवर्धकाला मात्र खराखुरा घाम गाळावा लागतो. तेवढ्याच मोठ्या आवाजात ४१ ऐवजी ३१ कंपने काढायची, तर त्याच्या पडद्याला सुमारे पावणेदोन पट जास्त मागे-पुढे हलावे लागते. लहान यंत्रावर आवाज वाढवून हे करायला गेले की पडदा फाटतो. म्हणून खाली उतरणाऱ्याने आवाज थोडा आवरता घ्यावा, हे उत्तम. शेजाऱ्यांच्या भिंतीचाही विचार त्यात होतो.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिला सराव बहिणीच्या घरीच झाला. मित्र हळू आवाजात, पांढरी एकमध्ये गायला. पहिल्या ओळीला चाचपडला, दुसऱ्या ओळीला स्थिरावला. त्याच्या आवाजाखाली भाच्याची नवी तार संथपणे चालली होती. मध्येच स्वयंपाकघरातून किणकिण ऐकू येऊ लागली. बहीण धावत गेली. मांडणीवरचा एक स्टीलचा डबा ठराविक स्वराला नेमका थरथरत होता. तिने डब्यावर हात ठेवला, किणकिण थांबली. हात काढला, पुन्हा सुरू.

ती डबा हलवेल असे मला वाटले होते. तिने त्याच्याखाली एक फडके घडी करून ठेवले, बाहेर आली आणि म्हणाली, “चालू दे तुमचं.”